नळाची मधली चावी

काकांची अंघोळ बिघडली ती एकदम नाही, हळूहळू. आधी हातातल्या शॉवरची धार जराशी बारीक झाली, तेव्हा टाकीत पाणी कमी असेल म्हणून काका-काकूंनी सोडून दिलं. मग ती आणखी बारीक झाली आणि खालच्या तोटीतून पाणी ठिबकायला लागलं. शेवटी अशी वेळ आली, की मधली चावी शॉवरकडे कितीही फिरवली तरी सगळा जोर खालच्या तोटीला आणि शॉवरमधून नुसती लाळ गळल्यासारखं पाणी. काका प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले, शॉवर डोक्यावर धरलेला, आणि ताटकळलेले. बाहेर ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणायचे, "पावलांची अंघोळ झाली. बाकीच्या मंडळींना कधी बोलावताय?"

काकू बाहेर मशीनवर बसल्या बसल्या हसायच्या, पण त्यांच्या मनाला घोर लागला होता. काकांचं कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांना वाकता येत नव्हतं. बादलीतून तांब्या भरून अंगावर घेणं, ही साधी गोष्ट, पण ती त्यांच्या आवाक्याबाहेर गेली होती. हातातला शॉवर होता म्हणून तर ते आपली आपण अंघोळ करत होते, आणि त्या माणसाला तेवढीच एक गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय करता येत होती.

जन्मभर त्यांनी शाळेची बस चालवली होती. आता दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढाच त्यांचा रूट. काकू पडदे शिवायच्या. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत खिडकी कुणाचीही असो, पडदा त्यांचा असायचा, म्हणून त्यांना सगळे पडदेवाल्या काकूच म्हणत.

ते नळाचं सगळं प्रकरण बसवलं होतं त्यांच्या सुनेने. सून नळ-फिटिंगच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाने गंजका तुकडा काउंटरवर ठेवला, की ती तो बोटांनी चाचपायची आणि मागच्या फळीवरून त्याचा जुळा भाऊ काढून द्यायची. काका हॉस्पिटलात होते तेव्हा तिने गरम-गार पाण्याचा तो जोडनळ आणला, मोरीत बैठक मारली आणि दुपारभरात स्वतः बसवला. काका घरी आले, स्टुलावर बसून पहिली अंघोळ केली आणि बाहेर येऊन म्हणाले, आजपासून हिचं नाव मिस्त्री. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरं तर मिस्त्रीने त्या घरात राहायचं काही कारण उरलं नव्हतं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा त्यांचा मुलगा तापाने गेला. हसता खेळता मुलगा, चार-सहा दिवसांत होत्याचा नव्हता झाला. सून भावाकडे जाईल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. भाऊ न्यायलाही आला होता. तिने त्याला चहा करून दिला, दारापर्यंत पोचवला आणि परत येऊन पोळपाट धुवायला घेतला. दुसऱ्या आठवड्यात डबा भरून कामावर गेली, संध्याकाळी परत आली. ती राहणार की जाणार याची त्या घरात झाली ती एवढीच चर्चा.

नंतरची वर्षं दोघींनी एकमेकींना धरून काढली. संध्याकाळी ती मशीनशेजारी जमिनीवर बसायची, पडद्यांना हुक लावायची आणि दुकानातल्या गमती सांगायची. एक गिऱ्हाईक उलट्या आट्यांचा स्क्रू मागत होतं, एकाने नळाऐवजी बायकोचा फोटो दाखवला. काकू मशीन चालवता चालवता ऐकायच्या, आणि गंमत मोठी असली की पायडलवरचा पाय थांबायचा.

आणि तिच्या दुसऱ्या लग्नाचं मनावर घेतलं तेही काकूंनीच. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस दुकानात काही ना काही घ्यायला यायचा, आणि लिफ्टला जेवढे वॉशर लागतात त्याच्या कितीतरी पट न्यायचा. तिच्या बोलण्यात तो जरा जास्तच यायला लागला, तेव्हा काकूंच्या लक्षात आलं. त्यांनीच त्याला घरी बोलावलं, त्यांनीच त्याच्या आईशी बोलणं केलं, सुनेने मान खाली घातली तर त्यांनीच तिची हनुवटी वर केली. लग्न झालं. त्याला दुसऱ्या शहरात काम मिळालं आणि त्याच्या आईला घेऊन दोघं तिकडे गेली.

त्या वेळी काकांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे वन्संनी, काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता सारखे फोन करू नकोस. तिला तिथे रुजू दे. पहिल्या सासूने नव्या संसारात डोकावत राहिलेलं बरं दिसत नाही. वन्संच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं, म्हणूनच ते काकूंना जास्त लागलं. त्यांनी ते गाठीशी बांधलं. फोन आला तर घ्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि 'तू कामात असशील' म्हणून ठेवून द्यायचा. आपण होऊन करायचा नाही. तिचेही फोन मग हळूहळू विरळ होत गेले.

मुलाची आठवण आली की काकूंना रडता यायचं. त्यावर कुणी काही म्हणत नसे, उलट शेजारणी येऊन पाठीवरून हात फिरवायच्या. पण सुनेची आठवण आली की रडायचीही चोरी. ती काही मेली नव्हती, सुखात होती, आणि काकूंनीच तिला पाठवली होती. मग रडायचं ते कशाला? तरी संध्याकाळी कुलपात किल्ली फिरल्याचा भास व्हायचा. वरच्या मजल्यावरच्या किल्लीचा आवाज तो. काकूंना ते माहीत असायचं, तरी मान दाराकडे वळायचीच. हुकांचा डबा उघडला की एकटीने हुक लावायचा कंटाळा यायचा. आणि कधी कधी, मनाच्या अगदी तळाशी, त्यांना असंही जाणवायचं की या घटकेला त्यांना मुलापेक्षा सुनेची आठवण जास्त येतेय. असं जाणवलं की त्या दचकायच्या आणि उगीचच मशीनमध्ये तेल घालायला उठायच्या.

तर नळ बिघडला. काकूंनी प्लंबरला बोलावलं. त्याने मधली चावी दोनदा फिरवून पाहिली, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि सगळं सेटच बदलायला सांगितलं. हे मॉडेल आता येत नाही, फरश्या फोडाव्या लागतील, आणि सध्या तो एका इमारतीच्या कामात अडकलाय, ते उरकलं की येईल. तोवर बादली वापरा म्हणाला.

बादलीने व्हायचं तेच झालं. तांब्या भरायला काका वाकायला गेले, स्टूल घसरलं, आणि ते पडलेच होते, केवळ खिडकीचा गज हातात आला म्हणून वाचले. आवाज ऐकून काकू धावल्या. काका गजाला लोंबकळल्यासारखे उभे होते, चेहरा पांढराफटक. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही. टॉवेल गुंडाळून कॉटवर बसले आणि म्हणाले, "मिस्त्रीला विचार."

काकू म्हणाल्या, तिला कशाला या वयात आपल्या नळाची कटकट. या वयात म्हणजे कुणाच्या, असं काकांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त बायकोकडे पाहिलं आणि मग गॅलरीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी काकू सुनेच्या जुन्या दुकानात गेल्या. मालकांना नळ समजावून सांगायचा प्रयत्न केला. हातवारे केले, कागदावर चित्र काढलं, ते चित्र कोंबड्यासारखं दिसायला लागलं. मालक भला माणूस. ते म्हणाले, आत जो भाग झिजलाय त्याला डायव्हर्टर म्हणतात, पाणी वर पाठवायचं की खाली ते तो ठरवतो. तो तेवढाच बदलता येतो, फरश्या फोडायचं काम नाही. पण डायव्हर्टर पन्नास तऱ्हेचे. तुमच्या नळाला कुठला लागेल ते तुमची सूनच सांगेल, तिनेच तर नेला होता.

काकू दुकानाच्या पायरीवर आल्या. फोन काढला, नंबर लावला आणि एक रिंग जाताच घाबरून बंद केला. फोन पिशवीत टाकेपर्यंत तो वाजलाच.

"आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

काकूंनी घसा खाकरला. मग बाबा बरे आहेत, तू कामात असशील, काही विशेष नाही, असं सगळं उलटसुलट बोलून शेवटी नळावर आल्या. तिकडून प्रश्न सुरू झाले. चावी फिरवताना घट्ट लागते की सैल? शॉवर बंद केल्यावर खालून गळतं का? काकूंनी जमेल तशी उत्तरं दिली. ऐकून घेऊन ती म्हणाली, "मी येते. शनिवारी निघते."

हे ऐकायला तर काकूंचे कान आसुसले होते. पण तोंडातून आलं ते भलतंच. नाही नाही, एका नळासाठी एवढा प्रवास कशाला, तिकडे तुझं घर आहे, माणसं आहेत. मग ती "बरं" म्हणाली. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते काकूंना नीट कळलं, आणि आता शब्द परत घेता येत नव्हते. तिने मालकांना फोन द्यायला सांगितला, काकूंनी आत जाऊन दिला. मालक बोलता बोलता काउंटरखाली वाकले, सगळ्यात खालचा खण ओढला आणि जुन्या मॉडेलांच्या सुट्या भागांतून एक पितळी तुकडा काढून काकूंच्या हातावर ठेवला. करंगळीएवढा, एका टोकाला काळे रबरी वेढे. खण तिनेच लावून ठेवलेला होता.

"आई, आता प्लंबरची वाट बघू नका," ती फोनवर म्हणाली. "रविवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल करते. तुम्हीच बसवा. मी सांगते तसं करा."

रविवारी काकूंनी साबणाच्या फळीवर फोन उभा केला, मागे शाम्पूची बाटली टेकवली. पडद्यावर मिस्त्री दिसली. किंचित भरली होती, केस कापले होते. काकूंना ते केस कापल्याचं माहीत नव्हतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, तेव्हा ती म्हणाली, आई, माझ्याकडे नाही, नळाकडे बघा.

काका दारात खुर्ची टाकून बसले. कामाला सुरुवात झाली. गिझर बंद. मोरीच्या दारावरचे गरम-गार पाण्याचे दोन्ही कॉक बंद. मग नळ उघडून उरलंसुरलं पाणी काढून टाकायचं. सांडपाण्याच्या जाळीवर फडकं अंथरायचं, नाहीतर स्क्रू पडला की गेलाच. चावीवरची गोल टिकली नखाने उचकटायची, खाली स्क्रू दिसेल. काकूंची बोटं सुईदोऱ्यात मुरलेली, त्यामुळे हे सगळं त्यांना भराभर जमलं. चावी निघाली. आत पितळेचं नट दिसलं. त्यावर पाना बसवला, डावीकडे जोर लावला, आणि नट जागचं हललं नाही. पुन्हा लावला. काकू घामाघूम झाल्या. नटाभोवती क्षारांची पांढरी कड जमली होती, दगडासारखी.

मिस्त्रीने थांबायला सांगितलं. जोर केलात तर भिंतीतला पाइप फिरेल. फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नटाला गुंडाळा आणि तासभर ठेवा, क्षार आपोआप सुटतील.

आता फोन ठेवायचा, असं काकूंना वाटलं. तासाने परत लावता आला असता. पण त्यांनी ठेवला नाही, आणि तिकडून तिनेही ठेवला नाही. काकूंनी तो आणून मशीनवर टेकवला आणि अर्धवट राहिलेल्या पडद्याची किनार दुमडायला घेतली. तिकडे ती ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. सुरीचा टकटक आवाज येत होता. मधूनच ती काही सांगायची, मधूनच काकू. बराच वेळ कुणी काहीच बोललं नाही तरी चालून जात होतं. काका डुलकी घेत होते. काकूंना वाटलं, आत्ता कुणी दारातून आलं तर त्याला वाटेल ही आतल्या खोलीतच आहे.

तेवढ्यात ती म्हणाली, "आई, दार लावून घ्या ना, वाऱ्याने आपटतंय."

काकू पडदा बाजूला ठेवून उठल्या. दारापर्यंत गेल्या, कडीला हात घातला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की दार लावलेलंच आहे. वारा नव्हताच. मागे फोनमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "लावते गं, हातातलं तेवढं ठेवते."

काका जागे झाले होते. ते बायकोकडे बघत होते. काकू कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मग परत येऊन बसल्या, पडदा मांडीवर घेतला, सुई शोधायला लागल्या. सुई बोटांतच होती.

फोनमधला सुरीचा आवाज थांबला होता.

"आई," ती म्हणाली. "तुम्हाला म्हणतेय. तुम्ही उठलात ना आत्ता?"

"हो."

"मी त्यांनाही आईच म्हणते."

"म्हणायलाच हवं. मीच तर सांगितलं होतं तुला."

"पहिले काही महिने तोंडातून शब्द निघत नव्हता. नुसतं 'अहो' म्हणून वेळ मारून न्यायचे. मग एक दिवस सहज निघाला, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. इतक्या सहज कसा निघाला म्हणून."

काकूंनी सुई पडद्यात टोचून ठेवली. आता बोलल्या नसत्या तर त्या पुन्हा कधीच बोलल्या नसत्या. खाली मान घालून त्या म्हणाल्या, "मला तुझी फार आठवण येते. कधी कधी त्याच्याहूनही जास्त येते. आईला असं व्हावं का गं?"

फोनवर आता फक्त ओट्यामागची भिंत दिसत होती, मिस्त्री बाजूला झाली होती. नाक ओढल्याचा आवाज आला. काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

परत आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. मग फोन का नाही केलात, असं तिने विचारलं. काकूंनी वन्संचं बोलणं सांगितलं. ते ऐकून ती म्हणाली, मी तर रोज वाट बघायचे. तुम्ही दोन शब्द बोलून ठेवायचात. मला वाटायचं, माझा आवाज ऐकला की तुम्हाला तो आठवत असणार, त्रास होत असणार, म्हणून मी फोन करणं कमी केलं. एवढं सगळं दोघींनी एकमेकींच्या भल्यासाठी केलेलं. काका म्हणाले, फार शहाण्या आहात दोघी. तो त्यांचा त्या दिवशीचा पहिला विनोद, आणि त्याला फारसं कुणी हसलं नाही.

तास केव्हाच उलटून गेला होता. फडकं काढलं तर पांढरी कड मऊ होऊन बोटाने निघत होती. काकूंनी पाना बसवला. तरी नट हटवादीच. तेव्हा काका उठले, स्टूल ओढून मोरीत बसले आणि बायकोच्या हातांवर आपले हात ठेवले. जन्मभर स्टिअरिंग धरलेले हात. तू पाना सरळ धर, जोर माझ्याकडे, असं म्हणून त्यांनी दाबलं, आणि कटकन आवाज होऊन नट सुटलं.

जुना डायव्हर्टर बाहेर आला. त्याचे रबरी वेढे चपटे होऊन चिरले होते, हात लावला की बोटाला काळं लागत होतं. एवढ्याशा रबरापायी काका जवळजवळ पडले होते. भोक आतून पुसून घेतलं, नव्या तुकड्याच्या रबराला वंगण चोपडलं, तो आत सरकवला. नट आधी हाताने, मग पान्याने. आणखी एक पिळा देऊ का, काकूंनी विचारलं. अजिबात नको, मिस्त्री म्हणाली, पितळेलाही दुखतं. चावी बसवली, स्क्रू लावला, कॉक उघडले.

"आता मधली चावी तोटीकडे फिरवून नळ सोडा," ती म्हणाली.

काकूंनी सोडला. पण चावी उलटी बसली होती. खाली थेंब पडला नाही आणि हुकाला टांगलेला शॉवर असा काही सुटला, की काकू, काका, भिंत, शाम्पूची बाटली, सगळं न्हाऊन निघालं. मोरी हसण्याने दणाणून गेली. फोनमधूनही हसू येत होतं, मग ते तुटक झालं, आणि फोनचा पडदा काळा पडला.

काकूंनी नळ बंद केला, फोन पदराने पुसला, बटण दाबलं, परत दाबलं. काही नाही. फोन गेला तर गेला, जुनाच होता. पण त्यांना वाटलं, तिला काय वाटेल? आज इतकं बोलणं झालं आणि मी मध्येच ठेवून दिला, असं तिला वाटायला नको. काका म्हणत होते, अगं वाळू दे, तिला कळेल. पण त्या थांबल्या नाहीत. ओलेत्यानेच जिना उतरून खालच्या मास्तरांकडे गेल्या आणि त्यांचा फोन मागितला. मास्तरांनी नंबर विचारला. काकूंनी सगळा नंबर एका दमात सांगितला. इतक्या दिवसांत त्यांनी तो आपण होऊन एकदाच लावला होता, पण पाठ होता.

"मी ठेवला नव्हता गं," काकू म्हणाल्या. "फोन भिजला."

"माहीत आहे, आई. मी बघत होते की." ती अजून हसत होती. चावी काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवा म्हणाली. मग तिने विचारलं, "आता बाबा एकटे अंघोळ करू शकतील ना?"

"करतील की."

"मग दोन दिवस तुम्ही इकडे या. माझ्या खिडक्यांना अजून पडदे नाहीत."

काकू म्हणाल्या, माप पाठव, शिवून धाडते. ती म्हणाली, माझं माप चुकतं, तुम्हीच येऊन घ्या. डोळे मिटून सुताभराचा फरक सांगणारी पोरगी, तिचं माप चुकणार होतं. मास्तरांच्या उंबऱ्यावर काकूंच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं, मास्तर टॉवेल घेऊन उभे होते. काकूंनी एकदा वर, आपल्या जिन्याकडे पाहिलं. या खेपेला त्यांनी घाई करून नाही म्हटलं नाही. "येते," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात त्या गेल्या. काकांचं जेवण वन्संनी बघायचं ठरलं. कुठे चाललीस हे वन्संना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, तिला माझाही आशीर्वाद सांग.

मिस्त्री बसस्टँडवर आली होती. घर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद होती. जावई खजील होऊन पिशव्या घेऊन पुढे चढत होता. दारात त्याची आई उभी होती. लग्नानंतर दोघी सासवा पहिल्यांदाच एकमेकींसमोर आल्या. मग ती म्हातारी म्हणाली, दमला असाल, आधी बसा, आणि स्वतःची खुर्ची पुढे केली. काकूंना तिचा राग यायला हवा होता असं नाही, पण थोडा आला असता तर सोपं गेलं असतं. तो आला नाही. बाई चांगली होती. सुनेला काय आवडतं, कशाने तिचं डोकं दुखतं, हे तिला ठाऊक झालं होतं, आणि त्यातल्या काही गोष्टी काकूंना नव्या होत्या. चहा आला. घरभर मिस्त्रीच्या चपलांचा आवाज, तिचं बोलणं, कपाटांची उघडझाप. काकू समोरच बसल्या होत्या, हात पुढे केला तर लागेल एवढ्या अंतरावर, आणि तरी त्यांना तिची आठवण येतच होती.

दुपारी खिडकीचं माप घ्यायला दोघी उभ्या राहिल्या. मिस्त्री स्टुलावर चढली, टेपचं वरचं टोक तिने पडद्याच्या दांडीशी धरलं. काकूंनी खालचं टोक जमिनीशी नेलं, आकडा वाचला. खिडकीतून मोठा रस्ता दिसत होता, पलीकडे एक उंच इमारत उभी राहत होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"किती आलं, आई?" वरून तिने विचारलं.

"थांब," काकू म्हणाल्या. "जरा टेप धरून ठेव तशीच."

तिने धरून ठेवली. काही विचारलं नाही, खाली उतरायची घाईही केली नाही.

मग काकूंनी आकडा सांगितला आणि दोघी दुसऱ्या खिडकीकडे गेल्या.